पंखा पांढरी दोनमध्ये

मराठी माणूस पंखा घ्यायला जातो तेव्हा दुकानात शिरताच वर बघतो. छताला टांगलेल्या नमुन्यांची बटणं दुकानदार एकेक करून दाबतो. गिऱ्हाईक प्रत्येक पंख्याखाली जाऊन उभं राहतं, शर्टाची कॉलर मागे ओढतं आणि म्हणतं, "हवा लागत नाही हो." परीक्षा एवढीच. हवा लागली की पंखा चांगला. आवाजाचं कुणी काढलंच तर दुकानदार म्हणतो, "नवा आहे, चार दिवसांत बसेल." चार दिवसांत खरंच काहीतरी बसतं, पण ते आपले कान. मग वीस-वीस वर्षं त्या खडखडाटाखाली घरदार घोरत पडतं आणि रात्री वीज गेली की शांततेने दचकून उठतं.

अशा घरात ‘आवाज न करणारा पंखा’ मागणारा पहिला प्राणी म्हणजे आमचा भाचा. हा लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो. अक्षतांपासून पाठवणीपर्यंतचं एकेक लग्न माझ्या लिहिण्याच्या टेबलाशेजारी रात्रभर रेंडर होत असतं. त्या कामात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून तीनशे वॅट सहज खातात आणि खाल्लेली सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता टाकतो. म्हणजे हिशेबाने माझ्या खोलीत रोज तीन पाहुणे रात्रभर बसलेले असतात, आणि त्यांच्यासमोर घड्याळाकडे बघून जांभई देण्याचा काही उपयोग नसतो.

तर हा संगणक पाण्याने थंड होतो. हे वाक्य घरात उच्चारलं गेलं आणि तीन पंख्यांची यादी त्याच दमात पुढे आली, तेव्हा आईने विचारलं, "पाण्याने गार होतो, तर पंखे कशाला? आणि तीन? कुठल्या खोल्यांत लावणार?"

प्रश्न बिनतोड होता. नागपूरचे आमचे साडू त्याच सुमारास आले होते. त्यांना पाण्याने गार होणाऱ्या यंत्रांचा पिढीजात अनुभव. त्यांनी संगणकाभोवती एक चक्कर मारली, काचेतून नळ्या पाहिल्या आणि विचारलं, "वाळा कुठं घालता जी याच्यात? अन् पाणी रोज भरा लागते का?"

भाच्याने समजावून सांगितलं. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा बसवलेला असतो. पंप त्यातून पाणी फिरवतो. पाणी तिथली उष्णता उचलतं आणि रॅडिएटरला नेऊन देतं, बस. पुढे रॅडिएटरच्या चपट्या नळ्यांमधल्या पत्र्याच्या फिन्समधून पंखा खोलीतली हवा ढकलतो आणि ती उष्णता हवेत जाते. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते म्हणून हवा बाहेरच्यापेक्षा गार होते. इथे सगळं बंद नळ्यांतलं प्रकरण, वाफ होतच नाही, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. मे महिन्यात खोली चौतीस अंशांवर असली तर पाणी चौतीसच्या वरच.

"मंग छताचा पंखा चालू करून देऊ ना," साडू म्हणाले.

त्याचाही उपयोग नाही. छताचा पंखा हवा गार करत नाही, आपला घाम वाळवतो. संगणकाला घाम येत नाही. साडूंनी यावर बराच वेळ विचार केला आणि नागपूरच्या उन्हाळ्यात असं घामच न येणारं यंत्र टिकणार नाही, असा निकाल देऊन ते जेवायला उठले.

आईचा मुद्दा वेगळा होता. छताचा पंखा १२०० मिलिमीटरचा असतो. संगणकाचा १२० मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. मग चांगल्यातल्या एका चिमुकल्या पंख्याच्या पैशांत साधा छताचा पंखा रेग्युलेटरसकट कसा येतो? याचं उत्तर भाच्याजवळ होतं, पण ते देण्याची ती वेळ नव्हती.

पंखा निवडायचा म्हणजे आकडे वाचायचे. खोक्यावर तीन आकडे असतात: हवा किती, दाब किती, आवाज किती. हवेचा आकडा मोजतात तेव्हा पंख्यापुढे काहीही नसतं. दाबाचा आकडा मोजतात तेव्हा त्याचं तोंड पूर्ण बंद केलेलं असतं, म्हणजे हवा शून्य. हे दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी कधीच खरे नसतात. आणि आवाजाचा आकडा एका निःशब्द खोलीतला, जिथे रॅडिएटर नाही, संगणकाची पेटी नाही, आणि शेजारी तर मुळीच नाहीत. पंखा पूर्ण मोकळा असताना काय करतो आणि पूर्ण कोंडला गेल्यावर काय करतो, एवढंच खोकं सांगतं. पंख्याला उभा जन्म काढायचा असतो तो या दोन्हींच्या मध्ये. तिथला आलेख काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. जी देते तिच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

दाबाचा आकडा मला फार आवडला, कारण तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये असतो. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ नावाचा पंखा २०१८ मध्ये आला. पाण्याने थंड होणाऱ्या संगणकांच्या जगात त्याचं नाव आदराने घेतात. त्याचा दाब आहे २.३४. म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्या घेत, जिवाचा आटापिटा करून तो नळीतलं पाणी सव्वादोन मिलिमीटर उचलून दाखवतो. शहाळ्याच्या गाड्यावरचं कुठलंही पोर नळीतून पाणी वीतभर वर ओढतं, म्हणजे त्याच्या जवळजवळ शंभर पट. आणि तरीही २.१ आणि २.३ यांच्यावरून सुशिक्षित माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

पण तो सव्वादोन मिलिमीटरचा जोर रॅडिएटरला पुरतो, आणि तो नसला तर मात्र खरंच अडतं. फिन्स किती दाट आहेत यावर सगळं असतं. इंचाला आठ-दहा फिन्स असलेल्या रॅडिएटरमधून मंद पंख्याचीही हवा आरपार जाते. इंचाला वीस-बावीस असल्या की तीच हवा तोंडावर आपटून मागे फिरते आणि पंखा नुसताच फिरत राहतो. संगणकाच्या पेटीत हवा खेळती ठेवायला बनवलेले रुंद मोकळ्या पात्यांचे पंखे इथे आणून लावले की हेच होतं. म्हणून शांतता हवी असेल तर पंख्याआधी रॅडिएटर बघावा: विरळ फिन्सचा, मोठा, जमलं तर जाड. पंखा हा नंतरचा प्रश्न. पण दुकानात रॅडिएटर कुणी कानाला लावून बघत नाही, पंखा बघतात.

नॉक्टुआचा पंखा आईला दाखवला. त्याचा रंग चॉकलेटी आणि बिस्किटी. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांनी या रंगाची इतकी वर्षं इतकी टर उडवली की कंपनीने शेवटी काळे पंखेही काढले. आईने मात्र संगणकाच्या इतिहासात पहिल्यांदाच एखाद्या सुट्या भागाचं कौतुक केलं: "निदान मळखाऊ तरी आहे." खोक्यावर मात्र घुबड आहे. घुबडाचं उडणं ऐकू येत नाही, म्हणून कंपनीने ते घेतलं असणार. आईला ही उपपत्ती पटली नाही. "ऐकू येत नाही म्हणूनच तर वाईट," ती म्हणाली आणि खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावलं.

या पंख्याच्या पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचं अंतर आहे. फट जितकी कमी तितकी हवा कडेने मागे पळत नाही. पण साधं प्लास्टिक वर्षानुवर्षं गरम हवेत फिरून ताणलं जातं, पातं लांबतं आणि चौकटीला घासू लागतं. म्हणून त्याच्यासाठी न ताणलं जाणारं खास पॉलिमर वापरलं आहे. किमतीचं कोडं इथे थोडंसं सुटतं. त्याच्या अगदी उलट बाजूला आर्क्टिकचा पी१२ आहे. पाच पाती, किंमत बरीच कमी, आणि रॅडिएटरवर काम चोख. तिसरा होता निडेक सर्व्होचा जपानी जेंटल टायफून. त्याचं उत्पादन थांबलं तरी जुने नग हुडकणारे भक्त अजून आहेत. आमच्या श्रीवर्धनच्या मावशींना ते नाव सांगितलं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ त्यांच्या डोक्यावरून गेलेलं. त्या म्हणाल्या, वादळ जेंटल असतं असं म्हणणाऱ्या माणसाकडून काहीही विकत घेऊ नये.

अर्ध्या मिलिमीटरच्या फटीचं वर्णन वाचताना मला आमचा रस्ता आठवला. तो बारा महिने खणलेला असतो. रॅडिएटरच्या फिन्समध्ये त्याची धूळ अशी बसते की दिवाळीपर्यंत मागे नमद्याचा थर तयार होतो आणि जगातला कुठलाही पंखा त्यापुढे हात टेकतो. धूळ अडवायला जाळी लावावी तर ती स्वतःच हवा अडवते. दिवाळीच्या साफसफाईत फुंकणी मारताना मात्र पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लावतं. आणि स्क्रू. स्क्रू हाताला लागेल तो न घेता रॅडिएटरबरोबर आलेलाच वापरावा. जास्त लांबीचा स्क्रू चौकटीतून पलीकडे जाऊन थेट पाण्याच्या नळीत घुसतो. ‘घट्ट बसलाय, तरी अजून अर्धा आटा’ ही आपल्याकडची सवय दाराच्या बिजागरीला ठीक आहे.

आता वेगाचं गणित. हे या सगळ्या खटाटोपातलं खरं रत्न आहे आणि शाळेत शिकवलं असतं तर माझं भौतिकशास्त्राशी इतकं वाकडं झालं नसतं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब पाव होतो, वीज एक अष्टमांश लागते, आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. दुसरीकडे, एकाऐवजी तीन सारखे पंखे लावले तर आवाज तिप्पट वाटत नाही, फक्त पाचेक डेसिबल चढतो. म्हणजे एक पंखा जोरात पळवण्याऐवजी तीन पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा दीडपट, आणि आवाज दहा डेसिबलने कमी, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा. एवढ्यासाठीच तीन पंखे आणि तीनशे साठचा लांबलचक रॅडिएटर. एकाचं काम तिघांना दिल्यावर काम जास्त आणि गडबड कमी होते, हे कुठल्याही सरकारी कचेरीत न घडलेलं आश्चर्य इथे घडतं.

हे सगळं पाठ करून आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारही आपल्याला पत्ता सांगू लागतो. आवाज न करणारी वस्तू निवडायला याहून चुकीची जागा मुंबईत सापडणं कठीण. हॉर्न, हातगाड्या, माल उतरवणाऱ्यांच्या आरोळ्या. दुकानदाराने बारा व्होल्टच्या अॅडॉप्टरला पंखा जोडला, माझ्या कानापाशी धरला आणि ओरडून विचारलं, "आहे का काही आवाज?" नव्हता. त्याच्या ओरडण्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. मग तो म्हणाला, "लाईटवाला घ्या, सेम सायलेंट." प्रत्येक दुकानात हाच सल्ला मिळाला. लाईटचा आवाज होत नाही, हे मला मान्य आहे. बेअरिंगबद्दल विचारल्यावर एकाने आश्वासन दिलं की आवाज यायला लागलाच तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. चांगल्या पंख्याचं बेअरिंग आतल्या आत तेलात तरंगतं आणि कायमचं बंद केलेलं असतं, हे त्याला सांगायचं भाच्याच्या ओठांवर आलं होतं. मी त्याचा दंड धरून बाहेर आणला.

शेवटी कोणते पंखे घेतले ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. नऊ पात्यांचे होते, एवढं मात्र सांगावं लागेल.

पंखे बसले. आता ते ऐकायचे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. त्या नॉक्टुआचा पूर्ण वेगातला आवाज कंपनी २२.६ सांगते. म्हणजे गल्लीने कायदा तंतोतंत पाळला तरी पंखा ऐकू यायचा नाही. आणि आमच्या गल्लीचं आणि कायद्याचं कधी पटलेलं नाही. तरी रात्री अडीचला आम्ही दोघं संगणकापुढे मांडी घालून बसलो. एसीच्या घरघरीत काही कळेना म्हणून एसी बंद केला. एसी बंद केल्यावर खोली तापली, खोलीबरोबर पाणी तापलं, पाण्याबरोबर पंखे चढले. ते ऐकू आले. चाचणी यशस्वी झाली, पण ती नेमकी कशाची, हे ठरवता येईना. एसी पुन्हा लावला.

खरा त्रास वेगळाच निघाला. भाच्याने एखादी फाइल उघडली की पंखे एकदम ‘हूं’ करून उठायचे आणि चार सेकंदांत बसायचे. पुन्हा क्लिक, पुन्हा ‘हूं’. आवाज मोठा नव्हता, पण माझी ओळ दर वेळी तुटायची. कान सतत चाललेलं सगळं सोडून देतात, बदललेलं मात्र सोडत नाहीत. कारण साधं होतं: पंख्यांना हुकूम प्रोसेसरच्या तापमानावरून जात होता, आणि ते फाइल उघडताच क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं. पण पंखे गार करतात पाण्याला, आणि पाणी थंड डोक्याचं आहे. एक लिटर पाण्यात तीनशे वॅट ओतत राहिलात तरी एक अंश चढायला त्याला चौदा सेकंद लागतात. म्हणून पाण्यातच तापमापक घालून हुकूम पाण्याच्या तापमानावरून द्यायचा. त्यानंतर पंखे फाइलींकडे लक्ष देईनासे झाले. रेंडर सुरू झालं की ते अर्ध्या तासात सावकाश चढतात आणि तिथेच राहतात. सगळ्या पैशांत जे साधलं नव्हतं ते या एका बदलाने साधलं. आठवड्याभरात माझा कान त्यांना विसरला.

अण्णांचा विसरला नाही. अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि आता पेटी शिकवतात. सोसायटीची पावती द्यायला आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"कोण धरून बसलंय हे?"

"काय, अण्णा?"

"पांढरी दोन."

भाच्याने पडद्यावर पाहिलं. पंखा मिनिटाला ९८० फेऱ्या घेत होता. नऊ पाती, प्रत्येक पातं मागच्या दांड्यांसमोरून जाताना हवेला एक धक्का देतं. ९८० गुणिले नऊ भागिले साठ, सेकंदाला १४७ धक्के. पेटीवरची पांढरी दोन ही पट्टी १४६.८ वर असते. भाच्याने खुर्ची सरकवून अण्णांना बसायला दिली.

"पण जुळलेले नाहीत," अण्णा डोळे मिटून म्हणाले. "दोघं आहेत ना? लाट येतेय बघ. वांव, वांव, वांव."

तिघं होते, पण दोघांचं वाजलं होतं. एकाच बनावटीचे पंखे एकाच हुकमावर सोडले तरी तंतोतंत सारखे फिरत नाहीत. दहा टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा कंपन्या स्वतःच घेऊन ठेवतात. एक ९८० वर, दुसरा ९६० वर. एक १४७ म्हणतो, दुसरा १४४ म्हणतो, आणि दर सेकंदाला तीन लाटा उठतात. तानपुरा लावताना हेच ऐकत खुंटी पिळतात.

"खुंटी कुठाय याची?" अण्णांनी विचारलं.

भाच्याने दुसरा पंखा ९०० वर आणला. लाटा इतक्या जलद झाल्या की लाटा म्हणून ऐकू येईनाशा झाल्या, आणि घरात पुन्हा नुसती हवा वाहू लागली. अण्णा मात्र खुर्चीतून उठलेच. "अरे, मिळवायचा सोडून आणखी बेसूर केलास?" भाच्याने सांगितलं की जगात असंच करतात. नॉक्टुआने २०२४ मध्ये १४० मिलिमीटरचे नवे पंखे काढले, त्यांची मुद्दाम किंचित वेगळ्या वेगाने फिरणारी जोडी मिळते, ती यासाठीच. अण्णांनी हे एखाद्या जवळच्या घराण्यातली भानगड ऐकावी तसं ऐकून घेतलं. मग तडजोड म्हणून त्यांनी मागितलं, तिघांतला एक तरी नीट सुरात ठेव. काळी एक दे. काळी एक १३८.६. भाच्याने पहिला पंखा ९२४ वर बांधला आणि बाकीच्या दोघांना त्याच्यापासून लांब नेलं.

तेव्हापासून अण्णा रात्री जिन्यातून जाताना दारापाशी क्षणभर थांबतात आणि गुणगुणत वर जातात. परवा आत आले. एक नवी शिष्या आहे, पट्टी पांढरी चार, तिच्या रियाजाला खालच्या सप्तकात आधार मिळाला असता तर बरं. जमेल का?

"११६४ फेऱ्या लागतील," भाचा हिशेब करून म्हणाला. "पण अण्णा, पंखे पाण्याच्या हुकमावर आहेत. एवढं पाणी तापायला काम जड हवं. हे एचडीतलं लग्न आहे, काळी एकच्या वर जाणार नाही. पांढरी चारला फोर-के लागेल."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या महिन्याचे मुहूर्त बघायला सुरुवात केली.